चार बोटं जागा

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं आपल्यात म्हणतात. आमच्या व्याह्यांनी घोडं नाही, विमान आणलं. दोन माणसांचं, जुनं, पांढऱ्यावर निळा पट्टा ओढलेलं. शीळफाट्याजवळची वाडवडिलांची जमीन गोदामांसाठी दिल्यावर लोक मोठी गाडी घेतात, बंगला बांधतात. यांनी तेही केलं. वर मुलाला, म्हणजे माझ्या जावयाला, उडायचा नाद. त्यानं रीतसर शिकून परवाना काढला आणि बापानं त्याला विमान घेऊन दिलं. मला हे लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं. आधी कळलं असतं तर मी लग्नात मोडता घातला असता, आणि हे मी मुलीच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

मी डोंबिवलीत राहते. नवरा लवकर गेला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं गाड्यांच्या सीटबेल्टची रिळं जोडली, त्यातली शेवटची अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर. गाडीत बसल्यावर आपण खांद्यामागून पट्टा ओढतो. हळू ओढला तर तो येतो, हिसका दिला की अडकतो. ती अक्कल पट्ट्यात नसते, पट्टा गुंडाळून ठेवणाऱ्या रिळात असते. माझ्या टेबलावरून वाईट रीळ कधी पुढे गेलं नाही. लाइन थांबायची, सुपरवायझर ओरडायचा, बाकीच्या बाया माझ्या नावानं बोटं मोडायच्या. मी हटायची नाही. माझा स्वभाव आधीपासून असा होता की त्या टेबलानं केला, ते आता सांगता येणार नाही.

या कामाचं विहीणबाईंना काय कौतुक होतं, ते साखरपुड्यातच कळलं. भरल्या बायकांत त्यांनी मला विचारलं, "तू कंपनीत पट्टं लावतंस ना गो?" पहिल्या भेटीत तू! त्यांच्याकडे सगळ्यांनाच तू म्हणतात, प्रेमानं म्हणतात, असं मुलगी समजावते. असेल. मला त्यात प्रेमाचा वास आला नाही. मी त्यांना आजतागायत तुम्ही म्हणते आणि मुद्दाम म्हणते. त्यांचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं. तिथं मिठागर होतं आणि लग्नाआधी त्यांनी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेल्या. आता गळ्यात सोनं आलं, पण बोलणं तेच राहिलं, समोरच्याच्या पायावर पाटी टाकल्यासारखं.

मुलगी आणि जावई घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहतात. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलेले. जावयानं मोठ्या कौतुकानं मोबाईल माझ्यापुढे धरला. घाट चढून गेल्यावर एक जुनी धावपट्टी आहे, तिथं ती दोघं विमान उडवायला जातात. त्याचा व्हिडिओ होता. खाली डोंगर, धरणाचं पाणी, आणि माझी मुलगी दात काढून हसतेय. मी ना डोंगर बघितला ना पाणी. मी तिचे खांदे बघितले. खांद्यांवर पट्टा नव्हता. कमरेला होता तेवढाच.

"खांद्याचे पट्टे कुठायत?" मी विचारलं.

"आई, ते कोण लावतं?" जावई हसत म्हणाला. "ते फिक्स आहेत. एकदा आवळले की हलताच येत नाही. उतरताना वेग कमी करायला खाली वाकून पंखांच्या फ्लॅपचा दांडा ओढायला लागतो, हात पोचतच नाही. म्हणून मागे टाकून दिलेत."

त्या पट्ट्यांवर त्यांनी टॉवेल वाळत घातलेला, व्हिडिओत मागे दिसत होता. माझं डोकं सटकलं. कमरेला बांधलेलं आणि वर मोकळं सोडलेलं माणूस पुढून धक्का बसला की कमरेत मोडून तोंडावर आपटतं. कारखान्यात आम्हाला धडकेच्या चाचण्यांच्या चित्रफिती दाखवायचे. लाकडी-रबरी पुतळे असत त्यात, तरी मी पहिल्यांदा बघून जेवले नव्हते. मी जावयाला नको नको ते बोलले. मुलीला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला आभाळात जायचंय तर जाऊ दे, तू कशाला बसतेस? ती म्हणाली, "आई, मला आवडतं म्हणून बसते." मी माघार घेतली नाही. रीळ लावा, मी म्हटलं. रीळ असलं की वाकता येतं, हात पोचतो, आणि धक्का बसला तर ते धरतं. साधी गोष्ट आहे.

साधी नव्हती. पावसाळ्यात विमानाचे पंख काढून ते ट्रेलरवरून शीळफाट्याच्या गोदामात आणून ठेवतात. तिथं जाऊन मी बघितलं. शेपटीखाली छोटं चाक, पुढे दोन मोठी, त्यामुळे उभं असताना नाक वर आणि बूड जमिनीला. बसायच्या खुर्च्यांच्या पाठीमागे लगेच एक लोखंडी आडवा पाईप. खुर्ची आणि पाईप यांच्यात माझी चार बोटं उभी मावली, पाचवं नाही. साध्या गाडीचं रीळ तिथं बसणं शक्यच नव्हतं.

त्या दिवशी विमानाची वार्षिक तपासणी करणारा इंजिनिअर तिथंच होता. त्यानं सांगितलं, विमानाचीच छोटी रिळं मिळतात, पण बाहेरून मागवायला लागतील, चार-पाच महिने जातील. मी म्हटलं, गाडीचं एखादं लहान रीळ मिळालं तर? तो म्हणाला, "नको. गाडीचं नको." मी कारण विचारलं. "बाई, नको म्हणजे नको. कागदात बसत नाही." एवढं बोलून तो माझ्याकडे पाठ करून चाकाकडे वळला. कागद! सत्तावीस वर्षं मी रिळं हातात खेळवली आणि हा मला कागद सांगत होता. मी तिथंच ठरवलं की याला दाखवून द्यायचं.

पण माझ्याआधी विहीणबाईंनी दाखवलं. पुढच्या आठवड्यात मला गोदामात बोलावून घेतलं आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीतून दोन रिळं काढून माझ्यासमोर टाकली. शीळफाट्याच्या भंगारवाल्याकडून आणलेली. तिकडे मोडक्या गाड्यांचे डोंगर आहेत, त्यांच्याच एका भाच्याचा धंदा.

"लान हायत. तुझे चार बोटात बसतील," त्या म्हणाल्या. "उगाच परदेशातना कनाला मागवायचं?"

मी पट्टा पूर्ण बाहेर ओढला. मधोमध वीतभर जागा चकचकीत झालेली, हाताला काचेसारखी लागत होती. ज्या गाडीतून हे रीळ काढलं ती जोरात आपटलेली होती. त्या वेळी पट्टा माणसाच्या वजनानं कडीतून इतक्या जोरात घासला की धागे वितळले. असं रीळ एकदा कामाला आलं की संपलं, पुन्हा वापरायचं नसतं. मी तो पट्टा त्यांच्या नाकापुढे धरला.

"ह्यात कुणीतरी बसलेलं होतं," मी म्हटलं. "ते वाचलं की गेलं, विचारलंत भाच्याला? असलं मढ्यावरचं आणून माझ्या मुलीच्या खांद्यावर घालताय?"

"तुझी एकलीची पोर नाय ती," त्या म्हणाल्या. "बाजूला माझा पोर बसतंय."

"मग त्यालाही घालू नका!"

व्याही मधे पडले, चहा मागवला. मी चहा घेतला नाही. रिळं उचलली, दोन्ही पट्टे तिथल्याच कात्रीनं मधोमध कापले, म्हणजे कुणी पुन्हा वापरायला नको, आणि रिक्षा पकडून घरी आले. भेटवस्तू फाडून टाकली म्हणून ही गोष्ट त्यांच्या सगळ्या भावकीत झाली.

मग माझा शोध सुरू झाला. ठाण्यात वागळे इस्टेटला, कल्याणला स्टेशनामागे, डोंबिवलीत तर गल्लोगल्ली. गाडीच्या सामानाची दुकानं म्हणजे कव्हरं, सुगंधी बाटल्या आणि डॅशबोर्डवर मान हलवणारे कुत्रे. एकानं विचारलं, "मॅडम, कौनसी गाडी?" मी म्हटलं, विमान. दुकानातली सगळी माणसं हसली. "हवाई जहाज का सामान हवाई अड्डे पे मिलेगा." कल्याणच्या एकानं मला नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आतून एक चपटी कडी आणून दिली. ती बक्कलमध्ये खोचली की पट्टा न लावताच गाडीचं पीं-पीं थांबतं. म्हणे फार खपते. मी ती कडी त्याच्या गल्ल्यावर आपटली आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आम्ही बाया आठ-आठ तास उभं राहून रिळं तपासायच्या ते या कडीसाठी का?

शेवटी माझा जुना सुपरवायझर सापडला. निवृत्त झाल्यावर त्यानं एमआयडीसीतच दुसऱ्या टप्प्यात छोटं वर्कशॉप टाकलं होतं. लहान गाड्यांच्या मागच्या मधल्या सीटसाठी लागणारी बारीक रिळं तो दुसऱ्या कंपनीला जोडून द्यायचा. कोरं रीळ त्यानं माझ्या तळव्यावर ठेवलं. साडेतीन बोटं! मला भरूनच आलं. सत्तावीस वर्षं भांडलेल्या माणसाला मी चक्क थँक्यू म्हटलं.

"कशाला हवंय?" त्यानं विचारलं.

"विमानात लावायला."

त्यानं हात पुढे करून रीळ परत मागितलं. मी दिलं नाही. "बाई, हे गाडीसाठी आहे," तो म्हणाला. "मी ऐकलंच नाही असं समजतो." मी म्हटलं, नका ऐकू. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं मी त्याच्याबद्दल मनात म्हटलं. आज वाटतं, तो माझ्याबद्दल तेच म्हणत असणार.

इंजिनिअर दिवाळीपर्यंत येणार नव्हता. जावयाला दसऱ्यानंतर उडायची घाई होती, आणि त्याचा माझ्या हातावर विश्वास होता, हेही खरं. नवरात्रात आम्ही दोघांनी रिळं बसवली. बोल्ट त्यानं आवळले, जागा मी दाखवली. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. गाडीच्या रिळात एक बारीक पोलादी गोळी असते, वाटीत बसवलेली. गाडी करकचून थांबली किंवा कलंडली की गोळी वाटीतून सरकते आणि रीळ अडकवते. म्हणून रीळ सरळ बसवायला लागतं. तिरकं बसवलं तर गोळी कायमची सरकलेलीच राहणार आणि पट्टा सुटणारच नाही. आमच्या कारखान्यात रोज सकाळी पहिलं काम काय, तर तपासणीच्या टेबलावर पाणसळ ठेवायची आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध आणायचा. मी तेच केलं. गवंड्याकडून पाणसळ मागून घेतली, रिळाच्या पाठीवर धरली आणि बुडबुडा अगदी मधोमध येईपर्यंत जावयाला बोल्ट सैल-घट्ट करायला लावले. मग प्रत्येक रीळ पन्नास वेळा ओढून बघितलं. मऊ लोण्यासारखा पट्टा येत होता आणि हिसक्याला खट्कन अडकत होता.

विहीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "इमान काय भिंत हाय, पाणसळ लावायला?" त्या म्हणाल्या.

मी मान वर केली नाही. गाढवाला गुळाची चव काय, एवढंच पुटपुटले, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्यांनी विमानाचीही पूजा केली. नाकाला झेंडूची माळ, पंख्यावर हळदकुंकू. मी गेले ते फक्त रिळांवर कुणी कुंकू उडवू नये हे बघायला. व्याह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पट्ट्यांचं काम आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे मी, स्वतः केलं. त्या वेळी माझी मान किती ताठ झाली होती ते मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी विमान घाटावर गेलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. कपाळावर केस पुढे ओढलेले, खाली निळसर टेंगूळ. "कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली. पट्टे कसे आहेत विचारलं, तर म्हणाली, छान आहेत गं आई. मी हळद लावायला सांगितली.

चार दिवसांनी माझ्या दाराची बेल वाजली. विहीणबाई. दोन वर्षांत त्यांनी माझ्या घराची पायरी चढली नव्हती. तीन मजले चढून आलेल्या, लिफ्ट नाही आमच्याकडे, तरी दम लागलेला नव्हता. मी बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

"तुझे पोरीचे कपाळाला कपाटाचा दार नाय लागला," त्या म्हणाल्या. "इमानात लागलंय."

मग त्यांनी सांगितलं. विमान धावायला लागल्यावर दोघांचे पट्टे अडकले ते सुटलेच नाहीत. उलट प्रत्येक श्वासाला थोडे थोडे आवळत गेले. उतरायची वेळ आली तेव्हा जावयाचा हात दांड्यापर्यंत पोचेना, आणि विमान हातात असताना त्याला स्वतःचे पट्टे सोडता येईनात. म्हणून माझ्या मुलीनं आपले खांद्याचे पट्टे काढले, वाकली, आणि दोन्ही हातांनी दांडा ओढून धरला. चाकं टेकताना विमान आदळलं. ती वाकलेलीच होती.

"तुझ्या पट्ट्यापायी तिनं पट्टा सोरला," विहीणबाई म्हणाल्या. "आन तुना बोलली नाय, तर तुना वाईट वाटंल म्हनून. मी बोलतंय."

पडलो तरी नाक वर, म्हणतात ना, तशी मी. मी म्हटलं, रीळ खराब असूच शकत नाही. पन्नास वेळा बघितलंय. तुमच्या मुलानंच नंतर बोल्ट हलवले असतील, नाहीतर तुमच्या कुणा भाच्यानं हात लावला असेल. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाल्या, "चल. खाली गारी हाय."

घाट चढून जायला अडीच तास लागले. आम्ही दोघी मागच्या सीटवर, मधे माझी पिशवी, तिच्यात पाणसळ. मनात मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला काय काय सुनवायचं याची तयारी करत होते. मुलीचा विचार आला की तो बाजूला सारत होते, कारण तो आला की मला पुढे काहीच सुचत नव्हतं.

धावपट्टीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान उभं होतं, नाक वर, शेपूट खाली. मी आत चढले. बोल्ट कुणी हलवले नव्हते, आवळून झाल्यावर मी त्यांच्यावर केलेली लाल रंगाची खूण जशीच्या तशी होती. पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध. पट्टा ओढला, आला. हिसका दिला, अडकला. सोडला, परत गेला.

"बघा," मी ओरडले. "बघा या इकडे! काय वाईट आहे यात?"

विहीणबाई आल्या नाहीत. त्या मागे गेल्या. नऊवारीचा पदर खोचला, शेपटीखाली वाकल्या, खांदा लावला आणि मिठाची पाटी उचलावी तशी ती शेपूट उचलली. माझ्याखालची सीट पुढे कलली. पाणसळीतला बुडबुडा सरकून एका टोकाला जाऊन बसला.

"आता खेच," मागून आवाज आला.

मी पट्टा ओढला. आला नाही. दोन्ही हातांनी ओढला. आला नाही. आत गोळी सरकून बसली होती, तिचं काम ती चोख करत होती.

"उरायच्या आधी शेपूट वर येतं त्याचं," त्या म्हणाल्या. "आन मंग वरच र्‍हातं. मी दर बारीला बगतंय. बांद भरतीला बगायचा असतं गो. ओहोटीला बगून काय फायदा?"

मी सीटवर बसून राहिले. मिठागराच्या बांधाची उंची भरतीचं पाणी चढलं असताना बघायची असते, एवढं त्यांना कळत होतं. मी विमान जमिनीवर उभं असताना मोजलं होतं, उडतानाचं नाही. अकरा वर्षं माझं टेबल हललं नव्हतं, म्हणून मला वाटलं जगही हलत नाही. इंजिनिअर नको म्हणाला, सुपरवायझर नको म्हणाला, विहीणबाईंनी दारातून विचारलं. मी कुणाचं ऐकलं नाही आणि माझ्या मुलीचं कपाळ फुटता फुटता राहिलं. हे मी करून बसले होते. भंगारातल्या रिळानं नाही, माझ्या पाणसळीनं.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि आधी त्यांचाच आला. ज्या दिवशी दारात उभ्या होत्या त्या दिवशी नीट का नाही सांगितलं? मी तसं म्हटलंही. त्या शेपूट खाली ठेवून पदर झटकत म्हणाल्या, "सांगितलं असतं त ऐकलं असतंस?" याचं उत्तर आम्हा दोघींना माहीत होतं. मग त्यांनी विमानाच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. बरोबर रीळ आल्याशिवाय आता कुणी उडणार नाही. जावई नंतर बराच चिडला, व्याह्यांनी समजूत काढायचा प्रयत्न केला. किल्ली बाहेर आली नाही. त्या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूनं होते, पण तसं त्यांना सांगितलं नाही.

मुलीशी मी फोनवर बोलले. खोटं का बोललीस म्हणून तिलाच झापलं. ती म्हणाली, "तू दसऱ्याला इतकी खूश होतीस." मी फोन ठेवून दिला आणि गॅसवर दूध उतू गेलं तरी उठले नाही.

रिळं इंजिनिअरनंच मागवली. पाच महिने लागले. या वेळी तो स्वतः बसवणार होता, आणि त्यानं निरोप पाठवला की बाईंना बघायचं असेल तर येऊ दे. मी त्याला विचारलं, गोळीचं तेव्हाच सांगितलं असतं तर? तो म्हणाला, "तुम्ही इतक्या खात्रीनं विचारलंत, मला वाटलं तुम्हाला माहीत असणार." रीळ त्यानं माझ्या हातावर ठेवलं. गुळाच्या मोठ्या खड्याएवढं, माझ्या तीन बोटांत मावलं. मी कानाशी धरून हलवलं. आत गोळी नव्हती. हे फक्त पट्ट्याच्या हिसक्यावर चालत होतं; विमान वर जावो, खाली जावो, कलंडो, त्याला पत्ता नव्हता. माझ्या टेबलावर बिनगोळीचं रीळ आलं असतं तर मी ते बाद मालाच्या लाल डब्यात फेकलं असतं.

बसवून झाल्यावर माझी मुलगी सीटवर बसली. मीच तिचे पट्टे लावले. कपाळावर आता खूण नव्हती, तरी माझी नजर तिथंच जात होती. मी दारातून आत वाकून पट्टा ओढला. आला. हिसका दिला, धरला. मग मागे वळून विहीणबाईंकडे बघितलं. मला शब्दात विचारायला लागलं असतं तर मी विचारलं नसतं. त्या आधीच शेपटीकडे निघाल्या होत्या.

शेपूट वर गेली. विमान सपाट झालं, आभाळात असतं तसं. मी पट्टा ओढला. आला. मुलगी पुढे वाकली, दांड्यापर्यंत हात नेला, परत बसली. हिसका दिला. तिचे दोन्ही खांदे जागच्या जागी धरले गेले. मी पुन्हा ओढला, पुन्हा हिसका दिला. पुन्हा. इंजिनिअर म्हणाला, बास बाई, झालं. जावई म्हणाला, आई, झालं की.

"झालं," मीही म्हटलं. "ठेवा खाली."

"किती बारी बगितलंस?" मागून आवाज आला.

"वीस."

"कंपनीत किती बारी बगायचीस?"

"पन्नास."

"मंग पन्नास बग," विहीणबाई म्हणाल्या. "मी धरलंय."

मी एकविसावा हिसका दिला.